नाव घोरपडीचं राहिलं

गेल्या महिन्यात ठाण्याला एका जुन्या सोबत्याच्या घरी आम्ही बारा-तेरा जण जमलो होतो. निमित्त म्हणावं असं काही नव्हतं. माळा आवरताना त्याला स्लाइड प्रोजेक्टर सापडला आणि तो चक्क चालू झाला, एवढंच. भिंतीवर चादर ताणली. टीपॉयवर त्याने पत्र्याच्या ट्रंकेतला ऐवज मांडला: पिळाचा नायलॉनचा दोर, गंजलेले पिटॉन (कातळाच्या भेगेत ठोकायचे लोखंडी खिळे), दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळलेली हातोडी, दोर अडकवायच्या कड्या म्हणजे दोन जाडजूड लोखंडी कॅराबिनर. मग खंडाळ्याच्या नागफणीची एक स्लाइड आली. कड्यावर विशीतला पोरगा. दोर थेट कमरेला बांधलेला, हार्नेस नाही, हेल्मेट नाही, पायात कॅनव्हासचे हंटर. खाली बिले देणारा, म्हणजे वरचा पडलाच तर दोर धरून ठेवणारा, दोर खांद्यावरून घेऊन उभा आणि बघतोय कुठे, तर कॅमेऱ्याकडे.

"हे खरं क्लायंबिंग," साठी ओलांडलेला एक जण म्हणाला. "आता काय, एसीत जिमच्या भिंतीवरच्या रंगीत दगडांना लटकायचं, नि कड्यावर जायचं ते ड्रिल मशीन घेऊन." यजमानांची पुतणी आठवड्यातले चार दिवस त्याच रंगीत दगडांना लटकते. ती शांतपणे म्हणाली, "काका, ह्याला धाडस नाही, नशीब म्हणतात. तुमच्यातला जो पडला तो आज फोटो दाखवायला आलेला नाही." त्यानंतर तासभर जे झालं त्याला चर्चा म्हणवत नाही. चहा गार झाला तो वेगळाच.

हा वाद मी अनेक घरांत, अनेक संमेलनांत ऐकलाय आणि दरवेळी तो सारख्याच वाईट पद्धतीने घातला जातो. एका बाजूला 'आमच्या वेळी'चा गजर, दुसऱ्या बाजूला 'तुम्ही वाचलात कसे' ही टिंगल. दोघांनाही फोटोतल्या माणसाला मार्क द्यायचे आहेत, फोटो वाचायचा मात्र कोणालाच नाही. माझं म्हणणं असं की जुनी छायाचित्रं आणि जुनी साधनं ही सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी आहेत. सातबारा सुंदर आहे का, शूर आहे का, असं कोणी विचारत नाही. त्यावर कोणाचं नाव आहे, कोणाचं नाही, कुठली नोंद खाडाखोड केलेली आहे, एवढंच आपण बघतो. प्रस्तरारोहणाच्या आठवणींकडे आपण असं बघत नाही. त्यामुळे त्या फक्त आठवणी राहतात आणि ज्याच्या आठवणी तो गेला की त्या भंगारवाल्याच्या तराजूत जातात.

आधी म्हाताऱ्यांची बाजू, कारण मी वयाने त्यांच्यातलाच आहे. त्यांचं म्हणणं निव्वळ बढाई नाही. माझ्याकडे एक पिटॉन आहे. परळच्या एका गिरणीच्या वर्कशॉपमध्ये माझ्या मित्राने तो रात्रपाळीत घडवला, ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा तापवून, ठोकून. परदेशी पिटॉन आमच्या आवाक्याबाहेरचा होता, म्हणून घरचा. पुढे वाचनात आलं की अमेरिकेत योसेमिटीच्या ग्रॅनाइटवर युरोपातून आलेले मऊ पिटॉन वाकायला लागले, तेव्हा जॉन सॅलॅथे नावाच्या स्विस वंशाच्या लोहाराने १९४० च्या दशकात स्वतःच कठीण पोलादाचे पिटॉन घडवले. ते पोलाद जुन्या फोर्ड गाडीच्या आसाच्या जातीचं होतं. परळच्या माझ्या मित्राला सॅलॅथेचं नावही ठाऊक नव्हतं. पण अडचण तीच, डोकं तसंच, आणि दोन्हीकडे भट्टीच कामाला आली. अशी वस्तू हातात धरली की जुन्यांचा अभिमान कळतो. त्यांनी कडा चढायच्या आधी कडा चढायचं साधन बनवलं होतं.

जुनं म्हणजे अडाणी, हेही तपासून बघितलं की टिकत नाही. जॉर्ज मॅलरी आणि अँड्र्यू आयर्विन १९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसे झाले. त्यांच्या त्या प्रसिद्ध फोटोंतले कोट-मफलर बघून पुढची पिढी हसत आली: हे लोक सहलीला निघाले होते की काय? १९९९ मध्ये मॅलरीचा देह ८,००० मीटरच्या वर सापडला. अंगावरच्या कपड्यांचे तुकडे प्रयोगशाळेत गेले, त्यांवरून रेशीम, सूत आणि लोकर यांच्या थरांचे हुबेहूब कपडे शिवले गेले आणि २००६ मध्ये ते एव्हरेस्टच्याच परिसरात घालून पाहिले. ते हलके निघाले, उबदार निघाले, हालचालीला मोकळे निघाले. शिखरावर रात्र काढायला ते पुरले नसते हे खरं, पण हसण्यासारखं त्यांत काही नव्हतं. फोटो बघून शंभरातली पंच्याहत्तर वर्षं आपण हसलो. चिंध्या तपासल्या तेव्हा गप्प झालो.

आता त्या पुतणीची बाजू. ती जे म्हणाली त्याला खोडून काढता येत नाही, म्हणून सगळे चिडले. अल्बम हा वाचलेल्यांचा असतो. पडतानाचा फोटो कोणी काढत नाही. त्या काळी एका रोलवर बारा नाहीतर छत्तीस फोटो, ॲग्फा क्लिक थ्री कोणाच्या तरी काकांकडून उसना आणलेला. जो फोटो काढायचा तो माथ्यावर, हात उंचावून. नैसर्गिक धाग्यांच्या दोरांच्या जमान्यात जगभर एक नियम होता: लीडरने, म्हणजे सर्वांत पुढे चढणाऱ्याने, पडायचं नाही. हा नियम शौर्यातून आलेला नव्हता. पडल्यावर दोर टिकेल याची खात्री कोणाला नव्हती आणि टिकला तरी कमरेला बांधलेल्या दोरावर अधांतरी लटकलेला माणूस काही मिनिटांत गुदमरायला लागतो. मांड्यांना आधार देणारा व्हिलन्स हार्नेस १९७० च्या अन्नपूर्णा मोहिमेसाठी तयार झाला, तो काही फॅशन म्हणून नव्हे. तेव्हा नागफणीच्या त्या स्लाइडमध्ये मला धाडस दिसतं, कौशल्य दिसतं, आणि बिले देणारा कॅमेऱ्याकडे बघतोय तिथे शुद्ध बेफिकिरीही दिसते. तो बिले देणारा मीच आहे, म्हणून जरा मोकळेपणाने लिहितोय.

पण पुतणीला एक विचारावंसं वाटतं. जुने दोर वाईट होते हे आपल्याला कळलं कसं? कोणीतरी तुटलेला दोर जपून ठेवला म्हणून.

१४ जुलै १८६५ ला आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावर पहिल्यांदा माणसं पोचली. सात जण होते. उतरताना एक घसरला, त्याने आणखी तिघांना ओढलं आणि चौथ्या आणि पाचव्या माणसाच्या मधला दोर तुटला. चौघे गेले, तिघे वाचले. वाचलेल्यांत एडवर्ड व्हिम्पर हा इंग्रज साहेब होता आणि पायथ्याच्या झरमॅट गावचे वाटाडे पीटर टाउगवाल्डर बाप-लेक होते. गावात कुजबुज सुरू झाली की थोरल्या टाउगवाल्डरने स्वतःचा जीव वाचवायला दोर कापला. गरीब वाटाड्याच्या शब्दाला किती वजन असणार? पण त्याच्या कमरेला उरलेलं दोराचं टोक होतं. ते तुटलेलं होतं, कापलेलं नव्हतं. आणि तो तुकडा त्यांच्याकडच्या तीन दोरांपैकी सर्वांत कच्च्या दोराचा होता. चौकशीत तो सुटला. कुजबुज त्याला मरेपर्यंत पुरली, हा भाग वेगळा. तो तुकडा आजही झरमॅटच्या संग्रहालयात काचेआड आहे. त्याच्याकडे बघून कोणाला 'काय ते दिवस' असं म्हणावंसं वाटत असेल असं मला वाटत नाही.

नव्वद वर्षांनी जपानमध्ये जवळपास तेच नाटक पुन्हा झालं. जानेवारी १९५५, मायेहोताका नावाच्या डोंगराची पूर्वेकडची भिंत. नायलॉनचा दोर तेव्हा चमत्कार समजला जायचा; ८ मिलिमीटरचा नायलॉन जुन्या जाड दोरापेक्षा भक्कम, अशी ख्याती. तो एका लहानशा घसरणीत दगडाच्या धारेवर तुटला आणि एक तरुण गेला. त्याच्या भावाने म्हटलं, धारेवर नायलॉन कच्चा आहे. मग तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जाहीर प्रयोग झाला, त्यात दोर तुटला नाही, आणि दोष गिर्यारोहकांच्या माथी आला: ह्यांनीच दोर नीट बांधला नसेल, सुटला असेल, आता झाकपाक करताहेत. नंतर उघड झालं की प्रयोगातल्या दगडाची धार आधीच गुळगुळीत केलेली होती. आणि उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर त्या मुलाचा देह सापडला, कमरेला दोर गाठीसह तसाच. भावाने पुढची वीस वर्षं हा लढा सोडला नाही. १९७५ मध्ये जपानमध्ये गिर्यारोहणाच्या दोरांसाठी सरकारी सुरक्षा-मानक आलं. आज बाजारातून दोर घेताना त्या पुतणीला जो छापील कागद मिळतो, धारेपासून जपा, अमुक वर्षांनी बाद करा असं सांगणारा, त्या कागदाच्या मागे असे तुटके तुकडे आहेत. जुन्या साधनांना ती हसते, पण तिची सुरक्षितता त्या साधनांच्या शवविच्छेदनातूनच आलेली आहे.

आता पुन्हा आमच्या बाजूला येतो, कारण आमची एक लाडकी समजूत अजून उरलीय. 'आम्ही कड्याला ओरखडा काढला नाही, आजची पोरं कातळात भोकं पाडून, बोल्ट मारून कडा विद्रूप करतात.' खरंच? योसेमिटीत सॅलॅथेच्या जातीचे कठीण पिटॉन ठोकायचे आणि काढायचे, पुन्हा ठोकायचे, असं वर्षानुवर्षं झालं. भेगा फाटल्या, बोटं शिरतील अशी भोकं पडली. ती आजही दिसतात. इव्हॉन शुइनार्ड हा तेव्हा अमेरिकेत पिटॉन बनवणाऱ्यांतला सर्वांत मोठा. त्याने १९७२ च्या आपल्या मालाच्या सूचीपत्रकात छापलं की पिटॉन सोडा, हाताने भेगेत बसवायच्या आणि हाताने काढायच्या चोक वापरा. स्वतःच्या मुख्य धंद्याविरुद्ध स्वतःच्याच सूचीपत्रकात लिहिणारा दुकानदार आपल्याकडे दाखवा. त्याला हे का सुचलं? त्याने जुन्या वाटा पुन्हा चढताना भोकं पाहिली. त्याने स्वतःचा भूतकाळ वाचला. आम्ही मात्र फ्रेम करून लावला.

सह्याद्रीत तर गोष्ट आणखी गुंतागुंतीची. आपला दगड बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक: एक थर लोखंडासारखा, त्याच्यावरचा मुरमाड, हातात येणारा, त्यावर गवत आणि घसारा. सरळ, खोल, विश्वासाची भेग क्वचित. त्यामुळे चोक नि फ्रेंड (भेगेत पसरून अडकणारं साधन) बसवून, काही न ठोकता स्वच्छ चढाई करा असं ग्रॅनाइटवाल्यांनी सांगणं सोपं आहे, आपल्याकडे कुठे ना कुठे ठोकावंच लागतं. आमच्या पिढीने ठोकलं. हाताने, छिन्नी फिरवत, एका भोकाला अर्धा अर्धा तास. आणि ते तिथेच सोडलं. प्रत्येक पावसाळ्यात धो धो पाणी पीत ते लोखंड चाळीस वर्षं तिथे गंजतंय. बाहेरून दिसतं ते डोकं. आत दगडात किती शिल्लक आहे ते ठोकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. ह्याला ओरखडा म्हणायचं नाही तर काय?

एसीतल्या रंगीत दगडांबद्दलही थोडं. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ सालची. कॅनव्हासच्या बुटांनी, पिळाच्या दोरांनी ज्यांनी सुरुवात केली त्यांचीच ही संस्था, आणि २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगचा, म्हणजे दोराशिवाय बुटक्या भिंतींवर चढायच्या खेळाचा, विश्वचषक तिनेच भरवला. तो भारतातला पहिलाच. ज्या म्हाताऱ्यांना जिमची पोरं परकी वाटतात त्यांनी ही वंशावळ एकदा बघावी. नातवंडं आपलीच आहेत.

तर फोटो. 'फोटो खोटं बोलत नाही' असं आम्ही त्या संध्याकाळी दोनदा तरी ऐकलं. चेझारे माएस्त्री हा इटालियन गिर्यारोहक. १९५९ मध्ये दक्षिण अमेरिकेत पातागोनियातल्या सेरो तोरे ह्या सुळक्यावर आपण आणि टोनी एगर पोचलो असा त्याचा दावा होता. एगर उतरताना हिमप्रपातात गेला, कॅमेरा त्याच्याबरोबर गेला, पुरावा नाही. कड्याच्या खालच्या भागात एगर चढतानाचा म्हणून एक फोटो मात्र छापला गेला होता. अर्धं शतक लोक त्या फोटोकडे बघत होते. मग रोलांदो गारीबोत्ती ह्या त्या भागातल्या जाणकाराने त्यातला दगड न् दगड जुळवून दाखवून दिलं की तो फोटो सेरो तोरेचा नाहीच, शेजारच्या दुसऱ्याच एका टेकाडाचा आहे. ह्यात गंमत अशी की ज्या फोटोने दावा पक्का केला होता त्यानेच तो पाडला. फोटो बदलला नव्हता. कोणीतरी पहिल्यांदा तो नीट वाचला होता.

आपल्याकडे असं वाचायला आहे काय? हिमालयाचं बरं आहे. हिमालयन क्लब १९२८ चा, त्याचं वार्षिक १९२९ पासून निघतंय. कोण, केव्हा, कुठल्या बाजूने, कुठून परत फिरले, सगळं छापील. सह्याद्रीतल्या तीनशे फुटी सुळक्याला मात्र तीन-तीन पहिले आरोहक असतात आणि तिघेही प्रामाणिक असतात. त्या रात्री ट्रंकेतले फोटो मी उलटून पाहिले. एकावर 'सुळका, डिसें.' एकावर 'मी व मंडळी'. एकावर फक्त स्टुडिओचा शिक्का. कुठला सुळका? कुठली मंडळी? आमच्यातल्या दोघांनी एकाच फोटोवर पैज लावली, एक म्हणे जीवधनची वानरलिंगी, दुसरा म्हणे तैलबैला. वानरलिंगी हा सुटा सुळका, तैलबैला ह्या जुळ्या भिंती. त्यांत घोळ होत असेल तर स्मृतीवर काय इमले बांधायचे?

ह्या सगळ्याहून मला बोचली ती दुसरीच गोष्ट. जवळपास प्रत्येक मोहिमेच्या एका तरी फोटोत कडेला एक माणूस उभा आहे. गुडघ्यापर्यंत धोतर नाहीतर खाकी चड्डी, अनवाणी, कमरेला कोयता. लिंगाण्याच्या वेळी मोहरी गावचा, कोकणकड्याखाली बेलपाडा गावचा. त्याने वाट दाखवली, पाणी कुठे ते सांगितलं, आग्या मोहोळ कुठल्या खाचेत आहे आणि तिथे विडीसुद्धा का पेटवू नये ते सांगितलं. कित्येकदा आमचा दोर बांधून होईपर्यंत तो वर जाऊन बसलेला असायचा. बाराच्या बारा जणांना विचारलं. त्याचं नाव एकालाही आठवेना. हातोडीला मात्र नाव होतं, तिला आम्ही 'भवानी' म्हणायचो.

हे आपल्या रक्तातच आहे की काय कोण जाणे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडाच्या कड्यावर माणसं चढली. सभासदाच्या बखरीत ती वानरासारखी कडा चढून गेल्याचं येतं. घोरपड तिथे नाही. घोरपड येते पोवाड्यातून, आणि पोवाडा गळ्यात बसतो. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा, घोरपडीचं नाव काय? यशवंती. आणि तानाजी सोडून, दोर घेऊन आधी वर गेले त्या मावळ्यांची नावं? माणसं विसरली गेली, साधन अजरामर झालं. घोरपडीला दोर बांधून माणसाचं वजन पेलतं का, ह्यावर आपण वर्षानुवर्षं तावातावाने भांडतो. काळोखात त्या कातळाला हात घालणाऱ्या पहिल्या माणसाबद्दल चकार शब्द नाही. माझ्या मते मराठी प्रस्तरारोहणाच्या इतिहासलेखनातली ही पहिली चूक, आणि साडेतीनशे वर्षांनी भवानी नावाच्या हातोडीपाशी आम्ही तीच केली.

उलटही घडू शकतं, ह्याचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. २९ मे १९५३ ला एव्हरेस्टच्या माथ्यावरचा जो फोटो जगाने पाहिला त्यात तेनसिंग आहे. हिलरीचा माथ्यावरचा फोटोच नाही, कारण कॅमेरा त्याच्या हातात होता. तो फोटो नसता तर त्या काळच्या वर्तमानपत्रांनी तेनसिंगला 'सोबतचा शेर्पा' एवढ्यावर आटोपलं नसतं, असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल?

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप त्या संध्याकाळी एका शिक्षक मित्राने घेतला. म्हणाला, "इथे शिवकालीन तटबंद्या ढासळताहेत, इंग्रजांनी १८१८ मध्ये अलंग-मदन किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या त्या अजून तशाच आहेत, आणि तुम्हाला शहरी मध्यमवर्गाच्या रविवारच्या छंदाचं संग्रहालय पाहिजे?" बोलणं झोंबणारं होतं आणि बरंचसं खरं होतं. पण त्यानेच दिलेलं उदाहरण घ्या. त्या उडवलेल्या पायऱ्यांच्या जागी आज दोर लावून जावं लागतं, आणि गेल्या पन्नास वर्षांत तिथली स्थिती कशी बदलत गेली हे दाखवणारे फोटो आहेत कोणाकडे? ह्याच रविवारच्या छंदिष्टांकडे. मागे उभा असलेला बुरूज, तेव्हा शाबूत असलेली कमान, पाण्याने भरलेलं टाकं हे सगळं त्यांच्या फोटोत चुकून आलेलं आहे. हात उंचावलेल्या पोराला कापा, उरलेला फोटो पुरातत्त्ववाल्याला द्या. त्याला तो हवाच असेल. शिवाय संग्रहालय कोण मागतंय? इमारत नको, उद्घाटन तर नकोच. जिल्ह्याच्या जुन्या वाचनालयात एक कोरडं कपाट मिळालं तरी पुरे.

दुसरा आक्षेप मला जास्त घाबरवतो. जुन्या वाटा नोंदवल्या, फोटो लोकांपुढे ठेवले की उद्या कोणी नवखा तो फोटो बघून तिथे जाणार आणि आमच्या गंजलेल्या बोल्टवर जीव टांगणार. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी जी झुंबड उडते ती फोटोंनीच उडवली, हे काय मला दिसत नाही? दिसतं. पण गर्दी जाते ती सुंदर फोटोमागे, पाठ कोरी असलेल्या फोटोमागे. ज्याच्या पाठीवर 'दुसऱ्या टप्प्यातला बोल्ट १९८३ मध्ये हाताने ठोकलेला, मऊ लोखंड, वापरू नये. इथेच आमचा एक जण वीस फूट पडला, घोटा मोडला' असं लिहिलेलं आहे तो फोटो कोणाला कड्यावर खेचणार? धोका नोंदीत नसतो, अर्ध्या नोंदीत असतो. आमच्या पिढीने यशाचे फोटो लावले आणि मोडलेले घोटे लपवले. म्हणून पोरं एकतर भारावतात किंवा हसतात.

राहिला तो शेवटचा, हळवा सूर: आठवणींना फायलीत कशाला कोंबता, त्यांचा आनंद घ्या. घ्या की. मी काही स्मरणरंजनाचा शत्रू नाही. खरं सांगायचं तर ते नसतं तर ती ट्रंक माळ्यावर राहिलीच नसती. प्रेमापोटीच माणूस गंजकं लोखंड चाळीस वर्षं घर बदलताना वाहून नेतो. ह्या प्रेमाचे उपकार मानले पाहिजेत. पण प्रेमाला बुरशी दिसत नाही. इंदू आणि ओर्वोच्या रोलवरच्या निगेटिव्हना मुंबई-कोकणच्या दमट हवेत बुरशी धरते, काहींना आंबूस वास सुटतो आणि फिल्म आक्रसत जाते, रंगीत फोटो गुलाबी पडतात. पाकीट उघडून वास घ्या. आंबट आला तर हातात फार वर्षं उरलेली नाहीत. आणि फोटोतली माणसं ओळखणारी माणसं तर त्याहूनही कमी टिकाऊ. आम्हा तेरांत सर्वांत लहान अठ्ठावन्नचा आहे.

कड्यावरच्या लोखंडाचं काय करायचं, ह्यावर सेरो तोरेनेच एक धडा दिलाय. माएस्त्री १९७० मध्ये चिडून परत गेला, बरोबर पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर घेतला आणि त्या सुळक्यावर शेकड्यांनी बोल्ट मारले. २०१२ मध्ये दोन तरुणांनी उतरताना त्यातले शंभराहून जास्त उपटून काढले. जग दोन तट पडून भांडलं: इतिहास पुसला, की कडा मोकळा केला? माझं मत, त्यांनी काढले ते समजण्यासारखं आहे, पण हे काम एका दुपारी दोघांनी ठरवून करायचं नसतं. आपल्याकडे जुना बोल्ट काढायचा तर आधी त्याचा फोटो, जागा, कोणी आणि केव्हा मारला ते लिहून घ्यावं, ज्याने मारला तो हयात असेल तर त्याला फोन करावा, मग काढून त्याजागी धड स्टेनलेस स्टीलचा बसवावा आणि काढलेला चिठ्ठी बांधून कपाटात ठेवावा. कड्यावर त्याला राहू देण्यात कसलाही वारसा नाही. गंजलेल्या बोल्टला वंदन करून त्यावरच लटकणारा माणूस मी पाहिलाय. तो वाचला, म्हणून हे विनोदाने लिहिता येतंय.

त्या संध्याकाळनंतर पुतणीने एक केलं, आणि त्यासाठी मी तिचं आधीचं सगळं बोलणं माफ केलं. दोन रविवार ती प्रोजेक्टरशेजारी वही घेऊन बसली. प्रत्येक स्लाइडला तिचे तेच प्रश्न: कुठे, केव्हा, डावीकडून कोण कोण, दोर कुठला, कोण पडलं होतं? शेवटचा प्रश्न ऐकून काका मंडळी आधी गोरीमोरी झाली आणि मग थांबेनात. चार अपघात निघाले, त्यातला एक माझ्या बिलेखालचा. कडेच्या अनवाणी माणसाच्या नावासाठी तिने बेलपाड्याला दोन फोन केले. फोटो पाठवला तेव्हा तिकडून पहिला प्रश्न आला तो हा, की आजोबांचा हा फोटो आम्हाला आधी का नाही दिला. घरात त्यांचा एकही नव्हता.

माझ्या ट्रंकेतला एकशेवीस फुटी दोर मी घरी आल्यावर बाहेर काढला. त्याचा हातभर तुकडा कापून दोन्ही टोकं मेणबत्तीवर वितळवली, पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, साल आणि कडा लिहिला, आणि कोण पडलं होतं तेही. तो वहीबरोबर गेला. उरलेल्यावर कोणी पुन्हा चढू नये म्हणून त्याचे सात तुकडे केले. बायको चाळीस वर्षं ज्या ट्रंकेच्या नावाने बोटं मोडत होती तिच्यातून पहिल्यांदाच घराला काहीतरी मिळालं. गच्चीत सध्या त्या तुकड्यांवर गोधड्या वाळतात.